नांगरट किती खोल, किती वेगात? पहिल्यांदा शेत हाती घेणाऱ्यांसाठी

पुण्यात नोकरी आणि गावाकडे वडिलोपार्जित तीन-चार एकर, अशी माणसं आता आमच्या दौंड-शिरूर पट्ट्यात गावोगाव भेटतात. शनिवारी पहाटे हडपसरहून निघायचं, दोन दिवस शेतात काढायचे आणि रविवारी रात्री परतायचं. मीही त्यातलाच. सहा वर्षांपूर्वी वडील थकले आणि शेत माझ्या हातात आलं. भीमेपासून तीनेक किलोमीटरवर साडेतीन एकरांचा तुकडा आहे. खालच्या अंगाला काळी जमीन, वरच्या बांधाकडे चढत जाताना हलकी होत जाणारी.

पहिल्या उन्हाळ्यात भाड्याचा ट्रॅक्टर आला. ड्रायव्हरने विचारलं, "किती खोल मारू, दादा?" मी म्हणालो, "होईल तेवढं खोल मारा." खोल नांगरट म्हणजे चांगली नांगरट, एवढंच मला ठाऊक होतं. संध्याकाळी वरच्या पंधरा गुंठ्यांत पिवळसर मुरूम आणि चुनखडीचे खडे उन्हात पांढरे दिसत होते. त्या तुकड्यातली बाजरी त्या वर्षी गुडघ्याच्या वर गेली नाही, आणि दुसऱ्या वर्षीही पिवळीच राहिली. डिझेल जळलं, पैसे गेले आणि वरची कसदार माती खाली गाडली गेली. दुसऱ्या वर्षी उलटी चूक झाली: काम भरभर उरकलं आणि नांगरट जेमतेम पाच इंच झाली. तिसऱ्या वर्षापासून मी फूटपट्टी घेऊन तासात (नांगराने पाडलेल्या चरात) उतरायला लागलो. पुढचं सगळं त्यातून आलेलं आहे.

लागणारं सामान

फार काही लागत नाही:
- टिकाव, खोरं आणि लोखंडी पहार
- एक फुटी स्टीलची पट्टी आणि तीन फूट लांबीची सरळ लाकडी फळी
- ३० मीटरची मोजपट्टी, चार खुंट्या, खडू
- स्टॉपवॉच (मोबाईलमधलं चालतं)
- एक लिटरचं माप आणि डिझेलचा कॅन
- वही

शिवाय सातबारा आणि गटाचा नकाशा जवळ ठेवा. क्षेत्र नेमकं किती, यावरून ट्रॅक्टरवाल्याशी होणारा वाद तिथेच मिटतो.

१. ट्रॅक्टर बोलावण्याआधी खड्डे खणा

शेतात किमान तीन ठिकाणी, वर, मध्ये आणि खाली, दीड-दोन फूट खोल खड्डा खणा. एक बाजू उभी आणि स्वच्छ ठेवा. मग चाकूच्या टोकाने वरून खाली टोचत या. एखाद्या खोलीवर टोक अडतं, माती पापुद्र्यांसारखी आडवी निघते, आणि त्याच्या खाली पुन्हा थोडी मऊ लागते. हा नांगराच्या तळाने आणि ट्रॅक्टरच्या चाकाने बनवलेला कडक थर. वर्षानुवर्षं एकाच खोलीवर नांगर चालला की फाळ खालची माती घासून चोपडी करतो. साध्या नांगराला ट्रॅक्टरचं उजवं मागचं चाक आधीच्या तासातून चालतं, पलटी नांगराला (डावीकडे-उजवीकडे दोन्हीकडे माती उलटवता येणारा नांगर) प्रत्येक खेपेला बदलून एका बाजूचं. ते तळ आणखी दाबतं.

माझ्या खालच्या तुकड्यात हा थर सात इंचांवर सापडला, पण तो मी चाकूने नाही, तुरीच्या खुंटाने ओळखला. शेजारच्या आबांनी काढणीनंतर उरलेला एक खुंट मातीसकट उचकटला आणि मला दाखवला. सोटमूळ सात इंच सरळ खाली गेलं होतं, तिथे अंगठ्याएवढं जाड झालं होतं आणि काटकोनात वळून हातभर आडवं पळालं होतं. आबा म्हणाले, "खालचं पाणी या झाडाला कधी दिसलंच नाही." तुमच्या शेतात तूर, कपाशी किंवा एरंड असेल तर आधी मुळं उपटून बघा. मुळं सगळं सांगतात.

खड्ड्यातून दोन गोष्टी लिहून घ्या: कडक थर किती इंचांवर आहे, आणि मुरूम किंवा चुनखडी किती इंचांवर लागते. माझ्या वरच्या भागात मुरूम नऊ इंचांवर होता. तिथे बारा इंच नांगर घालणं ही थेट नासाडी होती.

माती परीक्षणाचा नमुनाही याच वेळी घ्या, हलक्या आणि भारी भागाचा वेगवेगळा. बारामती आणि नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रांत तपासणीची सोय आहे. अहवालात सेंद्रिय कर्बाचा आकडा आधी बघा. तो ०.४ टक्क्याच्या खाली असेल तर दरवर्षी खोल पलटी करण्याचा विचारच सोडा. माती जितकी उलटीपालटी होते, तितकी तिला हवा लागते आणि उरलासुरला कर्ब वेगाने जळतो.

२. खोली पिकावरून आणि थरावरून ठरवा

नव्या माणसाला एक आकडा डोक्यात ठेवायला सांगतो. एका एकरात एक इंच माती म्हणजे शंभर घनमीटर, वजनाने सव्वाशे टनांच्या वर. "अजून एक इंच खाली घे" म्हणताना आपण ट्रॅक्टरला एकरी आणखी सव्वाशे टन माती कापायला, उचलायला आणि उलटवायला सांगत असतो. ते फुकट होत नाही.

माझा हिशोब असा आहे:
- बाजरी, मूग, मटकीसारखी पिकं: ५ ते ६ इंच. बऱ्याचदा नांगराऐवजी कल्टिवेटरच्या दोन पाळ्यांत काम होतं.
- कांदा, गहू, हरभरा: ६ ते ८ इंच.
- ज्वारी, तूर: ८ ते ९ इंच.
- उसाची नवी लागवड: जमीन खोल असेल तर १२ इंच. तेही लागवडीच्या वर्षीच, खोडव्याला (तोडणीनंतर पुन्हा फुटणाऱ्या उसाला) नांगर नाही.

मुरूम ज्या खोलीवर आहे त्याच्या दोन इंच वर थांबायचं, पीक कोणतंही असो. वरचा भाग आणि खालचा भाग वेगळा असेल तर ड्रायव्हरला दोन्हींची खोली वेगवेगळी सांगा आणि मध्ये चुन्याने रेघ मारून द्या. तोंडी सांगितलेलं दोन तासांनी विसरलं जातं.

सापळा: कडक थर फोडायला पलटी नांगर आणखी खोल घालणं. थर दहा इंचांवर असेल आणि तो पलटीने फोडायचा तर बारा इंच माती उलटी करावी लागते. त्यापेक्षा सबसॉयलर लावा. तो माती उलटत नाही, दीड-दोन फूट खोल जाऊन थराला तडे पाडतो, आणि तीन-साडेतीन फुटांच्या अंतराने ओढला तरी भागतं. अट एकच, जमीन त्या खोलीपर्यंत कोरडी हवी. ओल्या काळ्या मातीत सबसॉयलर सुरीसारखी फट पाडून निघून जातो, थर तसाच राहतो. तीन वर्षांतून एकदा पुरे.

पूर्वी उलट होतं. १९०३ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर बनवला तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते म्हणून लोक तो घ्यायला तयार नव्हते. आमच्या आजोबांच्या नांगराला बैलजोडी होती आणि नांगर चार-पाच इंचांच्या खाली क्वचितच जायचा. आता पंचेचाळीस-पन्नास एचपीचा ट्रॅक्टर दारात उभा आहे, आणि जाता येतं म्हणून आपण खाली जातो.

३. वाफशाची वाट बघा

सगळ्या लेखातली सर्वात महत्त्वाची पायरी हीच. वाफसा म्हणजे माती फार ओलीही नाही आणि कोरडीही नाही, अशी नांगराला बरोबर ओल. खोली आणि वेग अचूक ठरवले आणि वाफसा चुकवला तर बाकीचं वाया जातं.

रब्बी पीक निघाल्यावर जमिनीत थोडी ओल उरलेली असते. तेव्हाच नांगरट करा. एप्रिलच्या शेवटापर्यंत थांबलात तर काळी जमीन भेगाळून दगड होते. नांगर आत घुसत नाही, घुसला तर डोक्याएवढी ढेकळं उपटतो आणि ट्रॅक्टर धाप टाकतो. अवकाळी पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्याच दिवशी घाई केली तर त्याहून वाईट.

तपासायची पद्धत सोपी आहे. माती वरची घ्यायची नाही, जेवढं नांगरायचं तेवढ्या खोलीवरची घ्यायची. मुठीत दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा.
- गोळाच होत नाही, भुगा होतो: कोरडी आहे.
- गोळा पडून चपटा होतो: ओली आहे, थांबा.
- गोळा होतो आणि पडल्यावर चार-सहा तुकडे होतात: वाफसा आहे, ट्रॅक्टर बोलवा.

शंका असेल तर तीच माती तळहातांत वळून बघा. अगरबत्तीच्या काडीएवढी बारीक वळी न तुटता झाली तर माती ओली आहे.

दुसऱ्या वर्षीच्या घाईत मी एक खूण पाहिली होती, पण तेव्हा तिचा अर्थ कळला नव्हता. नांगराच्या मागे पडणाऱ्या मातीच्या पाठीवर तेल लावल्यासारखी चकाकी होती. मला ती सुंदर वाटली होती. ती चकाकी म्हणजे फाळाने आणि पंख्याने (फाळामागच्या, माती उलटवणाऱ्या वाकड्या पत्र्याने) ओली माती चोपडून बंद केलेली असते. आठ दिवसांत त्या पट्ट्या भाजलेल्या विटांसारख्या झाल्या, रोटाव्हेटरच्या (फिरत्या पात्यांनी माती बारीक करणाऱ्या यंत्राच्या) दोन पाळ्या घालूनही फुटल्या नाहीत. शेतात अशी चकाकी दिसली तर ड्रायव्हरला तिथल्या तिथे थांबवा. तो वैतागेल, तरी थांबवा.

४. नांगर जुळवून घ्या

इथे अर्धा तास द्या, जास्त नाही. ट्रॅक्टर सपाट जागेवर उभा करून टॉप लिंकने (ट्रॅक्टर आणि नांगर जोडणाऱ्या वरच्या दांड्याने) नांगर पुढून-मागून समतल करा, म्हणजे दोन्ही फाळ सारख्या खोलीवर जातील. पुढचा फाळ खोल आणि मागचा उथळ असेल तर तळ पायऱ्यांसारखा होतो. फाळाचं टोक झिजून गोल झालं असेल तर बदलून घ्या. झिजलेल्या फाळाचा नांगर आत शिरत नाही, मग ड्रायव्हर वेग वाढवतो किंवा वजन टाकतो. दोन्हींत डिझेल जातं.

नांगर वर-खाली करणाऱ्या हायड्रॉलिकचे दोन लिव्हर असतात. पोझिशनचा नांगर ठरलेल्या उंचीवर धरतो. ड्राफ्टचा ओढ वाढली की नांगर थोडा उचलतो. मातीचा जोर ठिकठिकाणी बदलत असेल तर ड्राफ्ट कंट्रोल बरा, पण कडक पट्ट्यात तो नांगर वर घेतो आणि नेमका तिथेच उथळ राहतो. म्हणून मोजत राहणं सुटत नाही.

५. वेग: इथे लोक सर्वात जास्त फसतात

पलटी नांगराची ओढ खोलीच्या प्रमाणात वाढते आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात आणखी वाढते. वेग वाढला की माती नुसती कापली जात नाही, ती पंख्यावरून फेकली जाते, आणि फेकायला ताकद लागते. अमेरिकेतल्या कृषी अभियंत्यांच्या संस्थेचं एक मानक सूत्र आहे. त्यात भारी माती आणि दोन फाळी १२ इंची नांगर (एकूण रुंदी दोन फूट) धरून मी आकडे काढले:

- ८ इंच खोल, ताशी ४ किमी: ओढ ९०० किलो, लागणारी ताकद १३ एचपी
- ८ इंच खोल, ताशी ६ किमी: ओढ १०२० किलो, ताकद २२ एचपी
- ८ इंच खोल, ताशी ८ किमी: ओढ १२०० किलो, ताकद ३५ एचपी
- १२ इंच खोल, ताशी ४ किमी: ओढ १३५० किलो, ताकद २० एचपी
- १२ इंच खोल, ताशी ६ किमी: ओढ १५३० किलो, ताकद ३४ एचपी

ही ताकद हुकवर (ट्रॅक्टरला नांगर जोडतात तिथे) मिळायला हवी, इंजिनावर नाही. ४५ एचपीच्या ट्रॅक्टरची शेतात हुकवर साधारण २४ ते २७ एचपीच उतरते. बाकीची गिअर, टायर आणि मातीत जाते. म्हणजे बारा इंच खोल आणि ताशी सहा किलोमीटर हे दोन्ही एकत्र त्या ट्रॅक्टरला जमणारच नाही. कुणी "दोन्ही करतो" म्हणत असेल तर एक काहीतरी सुटणार, आणि सुटते ती खोली. हे सूत्र सर्व प्रकारच्या जमिनींसाठी सरासरीवर बसवलेलं आहे, प्रत्यक्षात ओढ ४० टक्क्यांपर्यंत कमी-जास्त निघू शकते. तरी एका आकड्याची दुसऱ्याशी तुलना उपयोगी पडते.

ती तुलना नीट बघा. आठ इंचांवर वेग चारवरून सहा केला तर ओढ १४ टक्क्यांनी वाढते. वेग तोच ठेवून खोली आठवरून बारा केली तर ओढ ५० टक्क्यांनी वाढते. एकरी किती ऊर्जा लागेल ते ओढीवर ठरतं, म्हणून डिझेल वाचवायचं असेल तर पहिला हात खोलीवर घाला. आठ इंचांच्या एका एकराला १६ ते १७ युनिट इतकं काम लागतं (घरच्या विजेच्या मीटरवरचं तेच युनिट). एक लिटर डिझेलमध्ये साधारण दहा युनिट ऊर्जा असते, पण हुकपर्यंत तिचा पाचवा हिस्साच पोचतो. म्हणजे एकरी आठ लिटरच्या आसपास. बारा इंचांना बारा लिटर.

मग अगदी हळू चालवलं तर? तेही परवडत नाही. ताशी अडीच-तीन किलोमीटरवर इंजिन अर्ध्या ताकदीवर दुप्पट वेळ चालतं, आणि नुसतं चालू राहायलाही डिझेल लागतंच. शिवाय फार हळू नांगरलं की माती पूर्ण उलटत नाही, धसकटं आणि हरळी अर्धी वरच राहते. फार जोरात नांगरलं तर माती दूर फेकली जाते, जास्त बारीक होते, तास वाकडे होतात आणि उतारावर माती खाली सरकत जाते. माझ्या शेतात ताशी साडेचार ते साडेपाच किलोमीटर बसलं. वाफसा चांगला असेल तर पाच.

वेग मोजायचा कसा: शेतात २० मीटरवर दोन खुंट्या ठोका. ट्रॅक्टर नांगर खाली सोडून पूर्ण वेगाला आल्यावर पहिल्या खुंटीपासून दुसऱ्या खुंटीपर्यंतचे सेकंद मोजा. ७२ ला त्या सेकंदांनी भागा. १८ सेकंद लागले तर ताशी ४ किमी, साडेचौदाला ५, बाराला ६. डॅशबोर्डवर बघू नका. चाक घसरत असताना ट्रॅक्टर खरा किती पुढे सरकतोय ते डॅशबोर्डला कळत नाही.

६. चाक किती घसरतंय ते बघा

मागच्या टायरवर खडूने रेघ मारा. नांगर वर उचलून, त्याच शेतात, चाकाचे दहा फेरे होईपर्यंत चालवा आणि अंतर मोजा. मग नांगर खाली घालून पुन्हा दहा फेरे. समजा पहिल्यांदा ४२ मीटर आले आणि दुसऱ्यांदा ३६. सहा मीटर कमी, म्हणजे १४ टक्के घसरण. १० ते १५ टक्के चालतं. २० च्या वर गेलं की टायर झिजतो, डिझेल जळतं आणि चाकाखालची माती घोटली जाते. तसं झालं तर खोली एक इंच कमी करा किंवा मागच्या चाकांना वजन बांधा. पाचच्या खाली घसरण असेल तर ट्रॅक्टरवर नको तितकं वजन आहे, आणि ते वजन तुमचीच जमीन दाबतंय.

७. आधी दहा गुंठे, मग बाकीचं शेत

दहा गुंठे आखून घ्या. डिझेल टाकी काठोकाठ भरा, तेवढंच नांगरा, मग त्याच जागी, ट्रॅक्टर तसाच उभा करून, मापाने टाकी पुन्हा भरा. माझ्याकडे आठ इंचांना दोन लिटरच्या आसपास लागलं, म्हणजे सूत्राच्या जवळ. तुमच्याकडे तीन लागले तर काहीतरी चुकतंय: फाळ झिजलेत, जमीन कोरडी आहे किंवा घसरण जास्त आहे.

खोली मोजताना एक काळजी घ्या. लाकडी फळीचं एक टोक न नांगरलेल्या जमिनीवर ठेवा, दुसरं तासावर येऊ द्या आणि पट्टीने तासाच्या तळापर्यंतचं अंतर घ्या. दहा ठिकाणी मोजा आणि सरासरी काढा. नांगरलेली माती फुगते. म्हणून कुणी फुगलेल्या मातीत काठी खुपसून "बघा, दहा इंच" म्हणालं तर ते आठही नसतात. दुसऱ्या वर्षी मला असंच दाखवलं गेलं आणि मी मान डोलावली.

८. ठेका एकरावर की तासावर?

भाडं एकरावर असेल तर ट्रॅक्टरवाल्याचा फायदा उथळ आणि वेगात मारण्यात आहे. तासावर असेल तर सावकाश मारण्यात आणि वळणांवर वेळ घालवण्यात. दोघांचंही पोट त्यावर आहे, यात वाईट माणूस कुणी नाही. पण तुमचा फायदा कुठे आहे ते तुम्हाला ठाऊक हवं. मी एकरावर ठेका देतो, पण बोली अशी करतो: "आठ इंच, दहा ठिकाणी मोजणार, सातच्या खाली आलं तर तेवढा पट्टा पुन्हा." हे ट्रॅक्टर यायच्या आधी फोनवर सांगायचं, बांधावर उभं राहून नाही. जो खोलीचं ऐकून दर थोडा वाढवून मागतो त्याला द्या. त्याला डिझेलचा हिशोब कळतो.

वेळेचा अंदाजही जवळ ठेवा. दोन फाळी नांगराला ताशी ४ किमीने एकराला दोन तासांच्या थोडं वर लागतात, वळणं धरून. ताशी ६ ने जवळपास दीड तास. कुणी तासाभरात एकर उरकला तर पट्टी घेऊन लगेच शेतात जा.

९. नांगरटीची दिशा आणि नंतरचं काम

नांगरट उताराला आडवी. पलटी नांगर असेल तर माती दर खेपेला वरच्या अंगाला टाकायला सांगा. भोर, मुळशी, पुरंदरच्या उताराच्या जमिनींत याला पर्याय नाही.

नांगरलं की लगेच रोटाव्हेटर मागे लावू नका. ढेकळं उन्हात तापू द्या. हुमणी आणि अळ्यांचे कोष वर येतात, पक्षी टिपतात, उन्हाने मरतात. मग वळवाचा पाऊस येतो आणि काळ्या मातीची ढेकळं आपोआप उमलतात. जे काम एक पाऊस फुकट करतो त्यासाठी डिझेल जाळायचं कशाला? रोटाव्हेटर एकदाच, पेरणीच्या तोंडावर, तोही बेताचा. माती पिठासारखी झाली की पहिल्या मोठ्या पावसात पापडी धरते आणि कोंब वर येत नाहीत. दरवर्षी रोटाव्हेटरच चालवला तर चार-पाच इंचांवर त्याचाही एक कडक थर तयार होतो.

स्वतःचा नांगर घ्यायचा असेल तर

महाडीबीटीवर (राज्य सरकारच्या योजनांच्या पोर्टलवर) कृषी यांत्रिकीकरणाखाली अर्ज करा. शेतकरी ओळख क्रमांक, सातबारा, आठ-अ, आधार, बँक पासबुक, ट्रॅक्टरचं आरसी बुक आणि यंत्राचं कोटेशन तयार ठेवा. लागू असेल तर जातीचा दाखला. पूर्वसंमती मिळायच्या आधी नांगर विकत घेऊ नका, अनुदान मिळत नाही. ट्रॅक्टर ४५ एचपीच्या खालचा असेल तर तीन फाळी नांगराच्या मोहात पडू नका, आमच्या काळ्या मातीत तो ओढवत नाही.

१०. पुढच्या वर्षी पुन्हा खड्डा

पहिल्या वर्षीच्या खड्ड्याजवळच पुन्हा खणा आणि वहीत जुन्या नोंदीशेजारी लिहा: तारीख, ओल, खोली, वेग, डिझेल, कडक थर किती इंचांवर. खोली दरवर्षी एक-दीड इंचाने बदलत राहा, म्हणजे तळ एका जागी बसत नाही. मी सबसॉयलर एकदा लावला, तो चौथ्या वर्षी. गेल्या फेब्रुवारीत आबांनी पुन्हा माझ्या तुरीचा खुंट उचकटला. सात इंचांवर मूळ थोडं जाड झालेलं होतं, पण वळलेलं नव्हतं. सव्वा फुटावर तुटलं, बाकीचं जमिनीतच राहिलं. वरच्या पंधरा गुंठ्यांत मात्र पहिल्या वर्षानंतर मी पाच इंचांच्या खाली गेलेलो नाही. तिथे दरवर्षी शेणखत टाकतोय, आणि यंदा पहिल्यांदा बाजरी कमरेला आली.